ञ नकाराचा

माझी नात पहिलीत आहे. शाळेनं मुळाक्षरांचा रंगीत तक्ता दिलाय, तो आमच्या फ्रिजशेजारी भिंतीला चिकटवलाय. क कमळाचा, ख खटाऱ्याचा असं बोट फिरवत ती झ झबल्यापर्यंत झोकात येते आणि तिथं अडते. पुढच्या चौकोनात चित्रच नाही. नुसता ञ, एकटा. परवा तिनं विचारलं, "आजी, ञ कशाचा?"

मी पोळ्या लाटत होते. तोंडातून निघून गेलं, "ञ नकाराचा."

दुसऱ्या दिवशी तिनं ते वर्गात ठणकावून सांगितलं. बाईंनी वहीत शेरा मारून पाठवला की घरच्यांनी अभ्यास घेताना थट्टा करू नये. सुनेनं तो शेरा माझ्यापुढं धरला आणि भाजी चिरायला बसली. विळी नेहमीपेक्षा जोरात चालत होती.

पण थट्टा नव्हती ती. या एका अक्षरानं माझी कामाची चांगली वर्षं खाल्ली, आणि माझ्याबरोबर दुसऱ्या एका पोरीचीही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'वार्ताहर असतानाच्या गमतीजमती' लिहायला सांगितलंय. गमती आहेत, बहुतेक माझ्याच फजितीच्या आहेत. शेवटी हसू येईल असं मात्र कबूल करत नाही. माणसांची नावं बदलली आहेत आणि शाळेचं, कचेरीचं नाव मुद्दामच घेतलेलं नाही.

मी बारामतीत राहून बारामती आणि इंदापूर अशा दोन तालुक्यांच्या बातम्या एका दैनिकाला द्यायची. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागतं. त्याला पगार नसतो. बातमीमागं थोडं मानधन मिळतं, तेही असं सावकाश येतं की बातमी कुठली होती ते आठवत नाही. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर, आणि जाहिराती वाढदिवसांच्या. म्हणजे ज्याचा फेट्यातला फोटो सकाळी अर्धं पान छापायचा, त्याच्याच खात्याची लक्तरं संध्याकाळी शोधायची. या कसरतीला आमच्यात निर्भीड पत्रकारिता म्हणतात.

या धंद्यात मी आले ती पंचेचाळिशीत. मुलगा कॉलेजात गेलेला, आमचे हे माळेगावला कारखान्यात, आणि मी घरात भिंतींशी बोलायला लागलेली. वय पंचेचाळीस, उत्साह अठराचा आणि अक्कल त्याच्याही अलीकडची. स्कूटी घेतली. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. स्कूटीच्या पुढच्या बाजूला लाल रंगात मोठा शब्द रंगवून घेतला, 'पञकार'. नीट बघा. रंगाऱ्यानं त्रच्या जागी ञ काढला होता. दोन्ही दिसायला चुलतभाऊ, त्यामुळं त्याला कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. मोरगावच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या, निवृत्त मराठीच्या गुरुजींनी हात करून गाडी थांबवली आणि कळवळून सांगितलं की बाई, हा त्र नव्हे, हे चवर्गातलं अनुनासिक. मी गॉगल कपाळावर चढवून त्यांना म्हटलं, "वाचता आलं ना तुम्हाला? मग झालं." आणि धूळ उडवत निघून गेले. ती बाई आज माझ्या पुढ्यात आली तर मी तिला मुळाक्षरं गिरवायला बसवीन.

त्यात माहितीच्या अधिकाराचा कायदा हाती लागला. साध्या कागदावर अर्ज, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि सरकारला तीस दिवसांत उत्तर देणं भाग. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठीच बसून लिहिलाय. रस्त्यावरची खडी, अंगणवाडीचा खाऊ, टँकरच्या खेपा, दिसेल त्याचा अर्ज टाकायची. आमचे हे शेजाऱ्यांना सांगायचे, हिला कोथिंबीर आणायला पाठवली तर भाजीवालीकडं जावक क्रमांक मागते.

सुमन मला भेटली ती इंदापूरच्या बाजाराच्या दिवशी. मी चहाच्या गाड्यापाशी उभी होते. एक बाई स्कूटीवरचा शब्द बोट लावून वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "आक्का, पेपरवाल्या तुमीच का?"

तिचं गाव निरवांगीच्या पुढं. वस्तीवर घर, थोडा ऊस, थोडी मका, चार शेळ्या. वस्तीच्या झेडपी शाळेत तिची रूपा चौथीत होती. त्या शाळेवर जूनमध्ये नवे गुरुजी बदलून आले होते. सुमनची नणंद बारामती तालुक्यात, मोरगावच्या बाजूला एका गावात दिलेली. नव्या गुरुजींचं नाव कानावर पडलं तशी नणंद फोनवर रडायलाच लागली. हे गुरुजी आधी तिच्याच गावात होते. वह्या तपासायच्या म्हणून ते एकेका मुलीला खोलीत बोलवायचे आणि दार लोटून घ्यायचे. तिसरी-चौथीच्या मुली. गावात बभ्रा झाला, चार मोठी माणसं बसली आणि मास्तरला गावातून घालवायचं ठरलं. त्याला घालवलं, म्हणजे इकडं पाठवलं.

"नणंद म्हंती, पोरीला धाडू नगो," सुमन सांगत होती. "मालक म्हंत्यात, बायकांच्या बोलण्यावर पोरगी घरात बसवू का. शाळा समितीचं तात्या म्हंत्यात, कागद दावा, उद्याच्याला मास्तर बदलतो. आक्का, मला दुसरं काय बी नगो. त्येवढा कागद काढून द्या."

पोलिसांत जा, असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडं लहान मुलाकडं बघावं तसं बघितलं. तिच्या रूपाला तर काही झालेलं नव्हतं. ती कसली फिर्याद देणार? आणि ज्यांच्या मुलींना झालं होतं, ते तोंड उघडायला तयार नव्हते. त्यांनाही मुलींची लग्नं करायची होती.

मग मी, त्या गॉगलवाल्या बाईनं, छाती फुगवून सांगितलं, "पोरीला महिनाभर घरी ठेव. तीस दिवसांत कागद देणं त्यांना भाग आहे. कायदाच आहे तसा."

सुमननं माझा शब्द पदराला गाठ मारावी तसा धरला.

पहिला अर्ज मी हुशारीनं लिहिला. कुणाचं नाव घेतलं नाही. मागच्या काही वर्षांत बारामती तालुक्यातल्या शिक्षकांविरुद्ध विद्यार्थिनींशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारी किती आल्या, त्यावर काय कारवाई झाली, एवढंच विचारलं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, अगदी मुदतीत. मजकूर एका शब्दाचा: निरंक.

सरकारी भाषेत निरंक म्हणजे शून्य, काही नाही. मी ते पत्र घेऊन शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. तिथं कारकून कदम भाऊसाहेब होते. भला माणूस, आल्यागेल्याला पाणी विचारणारा, सही घेताना पेनाचं टोपण स्वतः काढून देणारा. मी विचारलं, मोरगावच्या बाजूचं ते प्रकरण सगळ्या गावाला माहीत आहे, मग निरंक कसं?

"मॅडम, गैरवर्तन म्हणजे चौकशीत शाबीत झालेलं गैरवर्तन," ते समजावून म्हणाले. "चौकशीच झाली नाही, तर शाबीत कुठून होणार?"

"मग बदली कशाला केली?"

"प्रशासकीय कारणास्तव."

"म्हणजे काय?"

"म्हणजे प्रशासनाला कारण होतं."

आणि त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

मग मी मोरगावच्या बाजूच्या त्या गावात गेले. सुमनची नणंद दारातच हात जोडून उभी राहिली. घरात ये म्हणाली नाही. पारावर बाजरीची कणसं वाळत होती, तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मास्तरचा विषय काढला की शेळ्यांना हाळी द्यायला लागले. एक जण मात्र उठून एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्या स्कूटीशेजारून चालत आला आणि रस्त्याकडं बघत म्हणाला, "गेलं त्ये गेलं, बाई. आमचं गाव सुटलं." गाव कसं सुटलं होतं, ते मला सुमनच्या गावात कळलं. शाळा समितीचे अध्यक्ष तात्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. मी बोलायला लागल्यावर त्यांनी आतून एक कात्रण मागवलं. आमच्याच दैनिकातलं, त्या बाजूच्या वार्ताहरानं दिलेलं. शाल, श्रीफळ, हार, शेजारी हात जोडलेले गुरुजी. खाली लिहिलेलं, विद्यार्थिप्रिय शिक्षकास भावपूर्ण निरोप.

"ह्यो आमच्याकडचा कागद," तात्या म्हणाले. "तुमच्याच पेपरातला हाय. आता तुमचा दावा."

माझ्याकडं काही नव्हतं. भानगड न होता माणूस जावा म्हणून त्या गावानं शाल दिली होती, आणि त्या शालीची इथं ढाल झाली होती.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, नाव छापायचं तर कागद हवा. मी बिननावाची बातमी दिली, 'तालुक्यातील एका शाळेतील एका शिक्षकाबाबत पालकांत चिंता'. तिसऱ्या दिवशी शिक्षकांचा मोर्चा निघाला की एकाच्या नावाखाली सबंध पेशाची बदनामी झाली. निवेदन द्यायला पुढच्या रांगेत तेच गुरुजी. मध्यम उंचीचे, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. फोटो काढून मी बाजूला झाले, तर ते जवळ आले आणि मंद हसून म्हणाले, "ताई, बातमी चांगली उतरलीय. फक्त ऱ्हस्व-दीर्घ जरा बघत जा."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. राग त्यांच्या निर्लज्जपणाचा आला असता तर बरं झालं असतं. मी मेली आधी कात्रण काढून ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसले होते.

दुसरा अर्ज नाव घालून केला. अमुक गुरुजी, अमुक शाळेतून अमुक शाळेत बदली, त्यामागच्या तक्रारी आणि टिपण्या यांच्या नकला द्याव्यात. तो अर्ज आधी एका कचेरीतून दुसरीत गेला, कारण माहिती 'त्यांच्या दप्तराशी निगडित' होती. दुसरीतून जिल्ह्याला गेला. जिल्ह्यावरून पुन्हा पहिलीत आला. विट्टीदांडूत विट्टीला सुद्धा इतके टोले बसत नाहीत. आणि शेवटी कदम भाऊसाहेबांच्या सुवाच्य अक्षरात पाकिटावर माझं नाव, आत उत्तर: मागणी केलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे.

कायद्याचं आठवं कलम म्हणजे काय काय देता येत नाही त्याची यादी. क, ख, ग अशी अक्षरं लावत ती जाते आणि ञपाशी येते. ञ म्हणजे माणसाची खासगी बाब. माणसाचं दुखणं, बँकेतले पैसे, घरातली भांडणं चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून केलेली चांगली तरतूद. त्यातच पुढं असंही म्हटलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी. पण ते पुढचं वाक्य वाचायला कचेरीला वेळ नसतो. म्हणजे हिशेब असा झाला: नाव न घेता विचारलं तर काही घडलेलं नाही, आणि नाव घेऊन विचारलं तर घडलंय पण खासगी आहे.

एव्हाना महिन्याचे कित्येक महिने झाले होते. मी गावाकडं गेले की रूपा दिसायची. सुरुवातीला ओट्यावर शेळ्या बांधून त्यांची हजेरी घ्यायची. एका शेळीचं नाव तिनं 'गैरहजर' ठेवलं होतं, कारण ती सारखी सुटून पळायची. दुसरी शाळा कालव्याच्या पलीकडं, वाट उसातून. एकट्या पोरीला कोण धाडणार? मी वसतिगृहाची शाळा सुचवली, तर सुमनचा नवरा म्हणाला, "आन् तितं काय द्येव बसल्यात व्हय?"  मी सुमनला म्हटलं, अपील करते. थोडं थांब.

सुमन म्हणाली, "थांबलोच हाय की, आक्का."

अपील म्हणजे त्याच कचेरीतल्या वरच्या साहेबाकडं खालच्याची तक्रार. ते मी कचेरीसमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडून टाईप करून घेतलं. मी सांगत होते, तो बडवत होता. कलम आठ, एक आणि कंसात... मी ञचा उच्चार काय केला असेल? लहानपणापासून करत आले तोच. "त्र," मी म्हटलं. त्यानं त्र मारला. मी वाचून सही ठोकली.

साहेबांनी सुनावणीला मला उभंही केलं नाही. आदेश टपालानं आला: अपिलार्थी यांनी आव्हानित केलेले कलम ८(१)(त्र) सदर अधिनियमात आढळून येत नाही, सबब अपील निकाली काढण्यात येत आहे.

जिथं त्र हवा तिथं मी ञ मिरवला, आणि जिथं ञ हवा तिथं त्र लिहिला. आमच्या ह्यांनी तो आदेश वाचला आणि हसू आवरायला तोंडात पंचा कोंबला. मीही हसले. मोरगावच्या रस्त्यावरच्या त्या म्हाताऱ्या गुरुजींची आठवण झाली आणि हसता हसता कधी रडायला लागले, ते ह्यांनाही कळलं नाही. मग ते उठले आणि रॉकेलचा बोळा घेऊन स्कूटीवरचं अक्षर खरवडायला बसले. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही.

पुढं राहिलं दुसरं अपील, पुण्याला माहिती आयोगाकडं. तिथं अपिलांचा इतका ढीग असतो की आपला नंबर कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. वर्षं गेली. मधे मी आजी झाले. गुडघे गेले, स्कूटी विकली, बातमीदारी एका तरुण मुलाकडं सोपवली. सुमनला फोन करायची तेव्हा ती आधी विचारायची की कागद आला का. पुढं पुढं विचारायची बंद झाली, पाऊसपाणी बोलायची. रूपा आईबरोबर खुरपायला जायला लागली होती. गुरुजी त्याच शाळेत होते. त्या वर्षांत त्या शाळेत, वह्या तपासताना, काय काय झालं ते मला माहीत नाही. मी अर्ज केला असता तर उत्तर आलं असतं, निरंक.

शेवटी नंबर लागला. सुनावणी इतकी थोडकी की मी नीट बसेपर्यंत संपली. आदेश माझ्या बाजूनं झाला. जनहित मोठं असल्यानं नकला द्याव्यात, मात्र त्रयस्थ पक्षाची ओळख उघड होणार नाही याची दक्षता घ्यावी. पहिलं वाक्य ऐकूनच मी तरंगत बाहेर आले. दुसरं वाक्य आहे हे घरी येऊन चष्मा लावल्यावर कळलं.

नकला घ्यायला मी स्वतः कचेरीत गेले. भाऊसाहेब निवृत्तीला आले होते, केस पिकले होते. त्यांनी पाणी दिलं, पेनाचं टोपण काढून दिलं, सही घेतली आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. मी तिथंच फोडलं.

पहिल्या पानावर गावकऱ्यांची तक्रार होती. जिथं जिथं गुरुजींचं नाव होतं तिथं काळ्या मार्करची जाड रेघ. शाळा, सही, सगळं काळं. आणि त्याखाली मुलींची नावं. पूर्ण नावं, बापाच्या नावासकट. इयत्ता. वय. कुणाचा हात कुठं धरला, कुणाला काय सांगून गप्प बसवलं, एकीखाली एक. त्यांच्यावर एक रेघ नाही.

 मी पान त्यांच्याकडं फिरवलं आणि विचारलं, हे काय केलंत?

भाऊसाहेबांनी चष्मा खाली करून बघितलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "बरोबर आहे की, मॅडम. त्रयस्थ पक्ष म्हणजे गुरुजी. त्यांची ओळख झाकायची होती, झाकली. मुलींचं आदेशात काही नव्हतं."

मी त्यांच्यावर ओरडले असते. पण त्या माणसाच्या डोळ्यांत कपट असतं तर ओरडायला काही धरायला सापडलं असतं. मला एवढंच समोर दिसलं की हा कागद तात्यांच्या खुर्चीपुढं गेला, तर त्यातून गुरुजी कोण हे शाबीत होणार नाही, पण त्या पोरी कोण हे दोन तालुक्यांत होईल. त्यातल्या मोठ्या आता लग्नाच्या झाल्या असतील. म्हणून तर त्यांच्या बापांनी शाल दिली होती.

"भाऊसाहेब, तो मार्कर द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिला, टोपण काढूनच दिला. मी त्यांच्याच टेबलाशी बसले आणि उरलेली नावं माझ्या हातानं काळी केली. एकेक नाव वाचलं आणि झाकलं. ज्या कागदावर काय आहे ते जगाला दाखवायला मी वर्षानुवर्षं भांडले, तो कागद मीच मिटवत होते. भाऊसाहेबांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं. मूळ कागद त्यांच्या दप्तरात तसाच आहे, उघडा. तो काही मला झाकता आला नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं सुमनकडं गेले. गुरुजी त्याआधीच निवृत्त झाले होते, असं तिनं जाता जाता सांगितलं. इथंही शाल दिली. तात्यांनीच.

रूपा आईच्या खांद्याच्या वर गेली होती. हात खुरप्यानं घट्टे पडलेले. मी पाकीट सुमनपुढं केलं, तर तिनं ते पोरीकडं दिलं. सुमनला अक्षरं लावायला वेळ लागायचा. रूपानं चुलीपासून उठून पान उजेडाकडं धरलं आणि वाचायला लागली. चौथीपर्यंतचं वाचन, तेही गंजलेलं. शब्द, मग काळी रेघ, मग शब्द. "शिक्षक... यांनी... हिला... वर्गात कोणी नसताना..." तिथं ती थांबली. पुढचं मनातल्या मनात वाचलं. खालच्या टिपणीपाशी तिनं परत आवाज काढला: "सबब त्यांना अन्य तालुक्यात पाठविण्याची शिफारस."

सुमन माझ्याकडं बघत होती. तिनं हळूच विचारलं, "म्हंजी आक्का, पोरगी घरी बसवली त्ये माजं बराबर हुतं का चुकलं?"

"बरोबर होतं," मी म्हटलं. "नणंद तुझी खरं बोलत होती."

तिनं तोंडाला पदर लावला. एवढं ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती, आणि आता ऐकून त्याचं करायचं काय हे तिला सुचत नव्हतं.

रूपा अजून पानच बघत होती. "ह्यात मास्तरचं नाव कुठाय?"

"ते कचेरीनं झाकलं."

"आन् पोरींची?"

"ती मी झाकली. त्यांना त्रास होईल म्हणून."

तिनं मान डोलवली. तिला ते पटलं असावं. पान तिनं घडी मोडू न देता परत पाकिटात घातलं, पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "मग त्येनी आन् तुमी मिळून आमाला काय दिलं?"

सुमननं तिला दटावलं, वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये म्हणून. मी म्हटलं, बोलू दे तिला.  ती चुलीपाशी गेली, परात पुढं ओढली आणि पीठ मळायला बसली. मला जेवूनच जा म्हणाली.